उत्तर परत येण्याची वाट

१३ सप्टेंबर १९३७. अमेरिकेतील शिकागो शहरात नव्या वर्षाचा अभ्यास सुरू झाला, पण वर्ग रिकामेच राहिले. शहरात पोलिओची साथ पसरली होती. या रोगावर तेव्हा लस नव्हती आणि मुलांना एकत्र येऊ न देणे हाच काय तो उपाय लोकांना दिसत होता. म्हणून शाळा उघडणे पुढे ढकलले गेले. अभ्यास मात्र थांबवायचा नाही असे शाळाखात्याने ठरवले. शहरातील रेडिओ केंद्रांनी आपला वेळ विनामूल्य देऊ केला, आणि तिसरी ते आठवीची सुमारे ३,१५,००० मुले घरच्या रेडिओसमोर वही-पेन्सिल घेऊन बसली.

योजना घाईत आखलेली असली तरी विचारपूर्वक आखलेली होती. रोज सकाळच्या वर्तमानपत्रात वेळापत्रक छापून येई. सोमवार, बुधवार, शुक्रवार या दिवशी सामाजिक शास्त्रे आणि विज्ञान. मंगळवार, गुरुवार, शनिवारी इंग्रजी आणि गणित. पाठ अवघा १५ मिनिटांचा असे. दोन मुख्याध्यापक प्रत्येक पाठ लक्ष देऊन ऐकत आणि शिक्षकाचे उच्चार, शब्दांची निवड, मांडणी यांबद्दल त्याला सांगत. पालकांच्या शंकांसाठी शाळाखात्याच्या कचेरीत १६ शिक्षक टेलिफोनपाशी बसवले होते. पहिल्याच दिवशी हजारांहून अधिक फोन आले आणि आणखी ५ शिक्षक बसवावे लागले.

अडचणी कोणत्या आल्या? काही घरांत रेडिओच नव्हता. काही ठिकाणी केंद्र नीट लागत नव्हते. मुलांचे लक्ष उडत होते. लहान मुलांजवळ कोणा मोठ्या माणसाला बसावे लागत होते. आणि सर्वांत मोठी अडचण अशी की पाठ चालू असताना काही कळले नाही तर हात वर करून विचारण्याची सोय नव्हती. तीन आठवड्यांच्या आतच शाळा उघडल्या, मुले वर्गात परतली आणि हा प्रयोग लोक विसरूनही गेले.

वरच्या परिच्छेदात 'रेडिओ'च्या जागी 'मोबाइल' आणि 'केंद्र'च्या जागी 'रेंज' घालून तो पुन्हा वाचून पाहावा. २०२० सालचे आपल्याकडचे वर्णन वाटेल. मध्ये ८३ वर्षे गेली, यंत्रे ओळखू येणार नाहीत इतकी बदलली, मग अडचणी त्याच कशा राहिल्या? या प्रश्नाचा माग काढण्यासाठी घरून शिकण्याचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहू.

एका पेनीचे तिकीट

घरी बसून दूरच्या शिक्षकाकडून शिकणे शक्य झाले ते टपालामुळे. पण नुसते टपाल असून भागत नव्हते. इंग्लंडमध्ये १८४० पूर्वी पत्राचा आकार अंतराप्रमाणे ठरत असे आणि बहुधा तो पत्र घेणाऱ्याकडून वसूल होई. गरिबाच्या घरी पत्र येणे हे संकटच वाटावे अशी स्थिती होती. रोलंड हिल यांच्या आग्रहामुळे १८४० मध्ये देशभर एकच दर ठरला: ठरावीक वजनापर्यंत एक पेनी, आणि ती पाठवणाऱ्याने आगाऊ भरायची. (आपल्याकडे असा एकसारखा दर १८५४ मध्ये आला.)

त्याच वर्षी आयझॅक पिटमन या शिक्षकाने या सोयीचा उपयोग करून घेतला. १८३७ मध्ये त्यांनी लघुलेखनाची एक पद्धत प्रसिद्ध केली होती. ते शिकणाऱ्यांना टपालाने लहान उतारे पाठवत. विद्यार्थी त्यांचे लघुलिपीत रूपांतर करून परत पाठवी. पिटमन चुका दुरुस्त करून कागद पुन्हा विद्यार्थ्याकडे रवाना करीत. येथे नीट पाहण्याजोगी गोष्ट अशी की एका उताऱ्यासाठी पत्राचे तीन प्रवास होत: शिक्षकाकडून विद्यार्थ्याकडे, विद्यार्थ्याकडून शिक्षकाकडे, आणि दुरुस्तीसह पुन्हा विद्यार्थ्याकडे. पहिला प्रवास पुस्तकानेही साधला असता. स्वस्त टपालामुळे साधले ते दुसरे दोन.

अभियांत्रिकीत या दुसऱ्या-तिसऱ्या प्रवासाला प्रत्याभरण म्हणतात. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो. पाणी किती भरले याची खबर त्याचा तरंगता गोळा तोटीला देतो आणि तोटी बंद होते. गोळा काढून टाकला तर तोटी तशीच वाहत राहील. टाकी भरली की सांडली हे तिला कळणार नाही. वर्गात शिकवताना आपण शिक्षक हा गोळा सतत पाहत असतो. तिसऱ्या बाकावरची कपाळाची आठी, खिडकीकडे गेलेली नजर, पाटीवर अडलेला हात, हे सारे पाहून आपण वाक्य बदलतो, उदाहरण बदलतो. हे इतक्या सहज घडते की आपण ते करतो हेही आपल्या ध्यानात राहत नाही. विद्यार्थी घरी आणि शिक्षक दूर असला की पहिल्यांदा तुटते ती ही वाट.

बॉस्टनच्या बाईंची पत्रे

ती वाट मुद्दाम बांधणाऱ्यांत अ‍ॅना एलियट टिकनॉर यांचे नाव आदराने घ्यायला हवे. अमेरिकेतील बहुतेक महाविद्यालयांची दारे स्त्रियांना बंद असताना त्यांनी १८७३ मध्ये बॉस्टन येथे घरी अभ्यास करू इच्छिणाऱ्या स्त्रियांसाठी एक संस्था काढली. शिकवणाऱ्याही स्त्रियाच होत्या आणि त्या बहुतेक स्वयंसेवक होत्या. संस्थेचे ग्रंथालय टपालाने पुस्तके पाठवी. विद्यार्थिनीने वाचावे, टिपणे काढावीत आणि दरमहा आपल्या शिक्षिकेला पत्र लिहावे. शिक्षिकेने त्याला उत्तर द्यावे, असा परिपाठ होता. विज्ञान विभागाचे काम रसायनशास्त्रज्ञ एलेन स्वॅलो रिचर्ड्स पाहत. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतून पदवी घेणारी ती पहिली स्त्री.

२४ वर्षांत सुमारे ७,००० स्त्रियांनी या पत्रशाळेचा लाभ घेतला. १८९६ मध्ये टिकनॉर वारल्या आणि पुढच्याच वर्षी संस्था बंद झाली. व्यक्तिगत पत्रांवर उभी असलेली शाळा त्या पत्रांमागच्या माणसावर किती अवलंबून असते, हेही यातून दिसते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण लंडन विद्यापीठाचे. १८५८ च्या सनदेने या विद्यापीठाने आपल्या परीक्षा कोणत्याही महाविद्यालयात न शिकलेल्यांनाही खुल्या केल्या. हे मोठेच पाऊल होते. जगात कोठेही राहणाऱ्याला पदवीची वाट मिळाली. पण विद्यापीठ परीक्षा घेई, शिकवत नसे. वर्षअखेरीच्या निकालाखेरीज आपण कोठे चुकतो हे विद्यार्थ्याला कोण सांगणार? ही उणीव भरून काढायला पत्रद्वारा शिकवणाऱ्या खासगी संस्था निघाल्या. अशाच एका संस्थेत पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले एच. जी. वेल्स जीवशास्त्र शिकवीत असत आणि त्यांचे १८९३ मधले जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक याच विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले होते. आपल्याकडच्या 'बहिःस्थ' विद्यार्थ्याची कथा याहून निराळी नाही. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुभा त्याला मिळाली. चुकलेले कोणी दाखवावे ही सोय पुष्कळदा मिळाली नाही.

पायाने चालणारा रेडिओ

रेडिओ आला तेव्हा शिक्षणतज्ज्ञांना मोठा आनंद झाला. एक उत्तम शिक्षक लाखो मुलांना एकाच वेळी शिकवू शकेल! शिकागोत तेच झाले. पण टपालाने जी परतीची वाट दिली होती ती रेडिओत नव्हती. आवाज जाई, येत नसे. म्हणून तर शिकागोत टेलिफोनपाशी २१ माणसे बसवावी लागली. ३ लाखांवर मुले आणि उत्तर द्यायला २१ शिक्षक, म्हणजे एकेका शिक्षकामागे १५,००० मुले.

ऑस्ट्रेलियात मात्र रेडिओला परतीची वाट आधीपासून होती, आणि ती शाळेसाठी केलेली नव्हती. त्या खंडाच्या आतल्या भागात मेंढ्यांची आणि गुरांची कुरणे शेकडो किलोमीटरवर पसरलेली आहेत. तेथील कुटुंबांना डॉक्टर बोलावता यावा म्हणून आल्फ्रेड ट्रेगर यांनी १९२९ च्या सुमारास एक संच तयार केला. त्याला वीज लागे ती सायकलसारखे पॅडल मारून निर्माण करायची. हा संच नुसता ऐकण्याचा नव्हता; त्यावरून बोलताही येई. घरातल्या मुलांना तो चालवण्याची सवय होती. अ‍ॅडलेड मीथके या शिक्षणक्षेत्रातील बाईंच्या मनात आले, की डॉक्टरांशी बोलणारा हा संच शिक्षकांशीही बोलू शकेल. ८ जून १९५१ रोजी अ‍ॅलिस स्प्रिंग्ज येथे 'आकाशातील शाळा' रीतसर सुरू झाली.

आरंभी पाठ एकमार्गीच होते. लवकरच पाठाच्या शेवटी प्रश्नोत्तरांसाठी वेळ ठेवण्यात आला. मुले आपापले नाव सांगून बोलत, आणि त्या वेळी इतर सारी मुलेही ते ऐकत. कित्येक मैल दुसरे मूल न पाहिलेल्या मुलाला आपल्या वर्गात आणखी कोण कोण आहे हे आवाजावरून कळू लागले. लेखी अभ्यास टपालाने जात-येत होताच. आज ही शाळा उपग्रह आणि इंटरनेटवरून चालते. यंत्र बदलले तरी उत्तराची वाट कायम राहिली.

स्वयंपाकघरातील प्रयोगशाळा

विज्ञान घरून शिकवता येईल का, ही शंका आम्हा प्रयोग करणाऱ्यांच्या मनात नेहमी असते. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने तिला धीटपणे उत्तर दिले. हॅरॉल्ड विल्सन यांनी १९६३ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा तिचे नाव 'हवेतील विद्यापीठ' असे होते. भर रेडिओ आणि दूरचित्रवाणीवर होता. १९६९ मध्ये सनद मिळून जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २४,००० विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष अभ्यास सुरू केला, तोवर योजनाकारांचे मत बदललेले होते. बीबीसीवरचे कार्यक्रम हा शिक्षणाचा एक भाग राहिला. कणा ठरला तो छापील पाठांचा, शिक्षकाने तपासून टिपणीसह परत पाठवायच्या स्वाध्यायांचा आणि उन्हाळ्यात आठवडाभर एकत्र येऊन करायच्या निवासी वर्गांचा.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला घरी एक पेटी येई. तीत काचसामान, रसायने आणि मॅकआर्थर यांनी रचलेला प्लॅस्टिकचा, हातात मावणारा सूक्ष्मदर्शक असे. कामगार, गृहिणी, कारकून स्वयंपाकघराच्या टेबलावर प्रयोग करीत, निरीक्षणे लिहून पाठवीत आणि अभ्यासक्रम संपला की पेटी परत करीत. प्रयोग फसला तर तो का फसला हे लिहिणे हाही अभ्यासच. वर्गातील प्रयोगात पुष्कळदा शेजाऱ्याच्या वहीतले आकडे उतरवून घेण्याची सोय असते. येथे ती नव्हती!

खेड्यात आलेला पडदा

१ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर भारताने जो प्रयोग केला तो त्या काळी जगात सर्वांत मोठा मानला गेला. अमेरिकेचा 'एटीएस-६' हा उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवण्यात आली. ३ मीटर व्यासाच्या अँटेनाला कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी तारेची जाळी लावलेली असे. या उपक्रमात अहमदाबादचे अवकाश उपयोग केंद्र आणि त्याचे संचालक प्रा. यश पाल यांचा मोठा वाटा होता. सकाळी शाळेतील मुलांसाठी आणि संध्याकाळी गावासाठी कार्यक्रम होत.

शिक्षकांनी लक्षात ठेवावा असा या प्रयोगाचा भाग वेगळाच आहे. प्राथमिक शाळांतील सुमारे ५० हजार शिक्षकांना याच उपग्रहावरून विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण दिले गेले. त्यात पडद्यावरचा पाठ एकटा नव्हता. रेडिओ, हाताने करायच्या कृतींचे छापील साहित्य आणि जागेवर मदत करणारी माणसे यांची जोड दिलेली होती. खेड्यांतून उपग्रहाकडे उत्तर जाण्याची सोय नव्हती. पडद्यासमोर बसलेल्यांना काय कळले हे समजून घ्यायला मानवशास्त्राचे अभ्यासक काही खेड्यांत जाऊन राहिले. यंत्राने जी वाट दिली नाही ती पायी जाऊन शोधावी लागली.

महाराष्ट्रात १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले. प्रा. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. गावोगावची अभ्यासकेंद्रे, तेथील 'समंत्रक' आणि 'स्वाध्याय' हे शब्द आपल्या ओळखीचे झाले ते या विद्यापीठामुळे. पुस्तके घरी येतातच. पण जेथे समंत्रक मन लावून स्वाध्याय तपासतो त्या केंद्राची गोष्टच निराळी असते, हे तेथे शिकलेला कोणीही सांगेल.

लाखांचे वर्ग आणि काळे चौकोन

इंटरनेटमुळे परतीची वाट जवळपास फुकट झाली. आता तरी प्रश्न सुटायला हवा होता. २०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरील एका अभ्यासक्रमाला जगभरातून सुमारे १,६०,००० जणांनी नाव नोंदवले. पाठोपाठ हार्वर्ड आणि एमआयटी यांनी खुले अभ्यासक्रम काढले. त्यांच्या पहिल्या वर्षातील (२०१२-१३) नोंदणी होती ८,४१,६८७ आणि प्रमाणपत्रे मिळाली ४३,१९६, म्हणजे शंभरात पाच. नोंदणी करणाऱ्या सर्वांनाच पूर्ण अभ्यास करायचा नव्हता हे खरे. तरीही आकडा बोलका आहे. तार दोन्ही बाजूंनी चालते, पण एका टोकाला आठ लाख माणसे आणि दुसऱ्या टोकाला मूठभर शिक्षक असतील तर त्या तारेवरून येणारी उत्तरे वाचणार कोण?

मग मार्च २०२० उजाडला. शाळा बंद झाल्या आणि आपण सारेच एका दिवसात दूरशिक्षणाचे शिक्षक झालो. तयारी किती होती? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातील २३.८ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. ग्रामीण भागात ती १४.९ टक्के घरांतच होती. संगणक तर खेड्यांतल्या ४.४ टक्के घरांत होता. 'असर' या पाहणीला २०२० मध्ये आढळले की शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. पण घरात फोन असणे म्हणजे मुलाच्या हाती फोन असणे नव्हे. तो वडिलांबरोबर कामावर जातो. घरी असला तर तीन भावंडांत एकच असतो, आणि कोणाचा वर्ग आधी हे ठरवताना धाकट्या बहिणीचा क्रम शेवटी लागतो.

त्या वर्षी आम्हीही काही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना पडद्यावरून शिकवत होतो. समोर नावे लिहिलेले काळे चौकोन. जीवाणूंच्या वाढीचा आलेख दाखवून आम्ही विचारले, "कळलं का?" चौकोनांतून उत्तर आले, "हो सर." तीन आठवडे असेच गेले. चौथ्या आठवड्यात आम्ही सांगितले, की वहीच्या ज्या पानावर गाडी अडली असेल त्याच पानाचा फोटो पाठवा, खाडाखोडीसह. पाने आली आणि आमचे डोळे उघडले. आलेखाचा उभा अक्ष लॉग मापनाचा होता. त्यावरची सरळ रेषा म्हणजे ठरावीक वेळात दुप्पट होणारी वाढ. निम्म्याहून अधिक मुलांनी तिचा अर्थ 'रोज तेवढीच भर' असा लावला होता. वर्तमानपत्रांतून साथीचे आलेखही त्या दिवसांत अशाच मापनावर छापून येत होते. म्हणजे ही चूक केवळ गुणांपुरती नव्हती. वर्गात असतो तर पहिल्या पाच मिनिटांत ती कोणाच्या तरी वहीत दिसली असती. येथे ती तीन आठवडे दडून राहिली, कारण आम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर 'हो' एवढेच देता येत होते.

त्याच काळात राज्यात कितीतरी शिक्षकांनी, इतिहास न वाचताही, त्यातला धडा ओळखला होता. सोलापूरच्या नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर पाठ रंगवून घेतले. सह्याद्री वाहिनीवरच्या 'टिलीमिली' मालिकेने घरातल्या आणि अंगणातल्या वस्तूंतून शिकण्यावर भर दिला. अनेक जण वस्तीवर जाऊन ओट्यावर, झाडाखाली चार-चार मुले बसवत होते, वह्या गोळा करून तपासत होते. पिटमनच्या कागदाचे तीन प्रवास ते पायी करीत होते.

आज आपण काय करावे?

साथ सरली, शाळा भरल्या, पण घरून शिकणे संपलेले नाही. मोबाइलवर पाठ पाहणारी मुले आज प्रत्येक वर्गात आहेत. दूरशिक्षणाला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. बॉस्टनच्या स्त्रिया, कुरणांवरची मुले, दिवसा नोकरी करणारी माणसे यांना दुसरे दारच नव्हते. म्हणूनच पुढे कोणतेही नवे साधन शाळेत आले, तर ते दाखवायला आणणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत. विद्यार्थ्याची चूक शिक्षकाला कशी दिसेल? ती किती दिवसांत दिसेल? आणि ज्याच्या घरी हे साधन नाही त्याची वही कोणत्या वाटेने येईल? चित्र किती स्पष्ट दिसते, आवाज किती चांगला येतो, हे प्रश्न त्यानंतरचे.

शेवटी एक उपक्रम सुचवतो. आज नववी-दहावीच्या किंवा त्यापुढच्या वर्गात बसलेली मुले २०२० मध्ये प्राथमिक शाळेत होती. शिकागोतल्या मुलांना त्या तीन आठवड्यांत काय अडले हे कोणी फारसे विचारून ठेवले नाही. आपल्या मुलांना आपण विचारू शकतो. त्या वर्षी तुम्ही कुठे बसून शिकलात, फोन कोणाचा होता, कोणती गोष्ट तेव्हा कळली नाही आणि ती पुढे कधी कळली, हे त्यांना एक पानभर लिहू द्यावे. 'अजून कळलेली नाही' असे लिहायलाही मोकळीक असावी. ही पाने शाळेच्या दप्तरात जपून ठेवावीत. पण त्याआधी ती शिक्षकांनी वाचावीत आणि ज्याने 'अजून नाही' असे लिहिले असेल त्याच्यापाशी जाऊन बसावे.